आपल्या परड्यातली बाव

भाई,

जन्मभर मी तुला 'मेल्या' म्हणत आले. जेवायला उशीर केलास तरी मेल्या, छत्री शाळेत विसरलास तरी मेल्या. आता खरोखरच गेलास, तर तो शब्द तोंडातून फुटत नाही. बहिणीची एवढीही सोय ठेवली नाहीस.

समाचाराला येणाऱ्या बायका मला जवळ घेऊन रडतात. मी रडत नाही, म्हणून त्यांना वाटतं आक्काने धसका घेतला. धसका बिसका काही नाही. मी रागावले आहे. आदल्या संध्याकाळी तुला सरळ एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर न देता तू झोपलास, पहाटे छातीत कळ आली म्हणालास आणि संपलं. गावात ज्याच्या शब्दाला किंमत तो मास्तर बहिणीच्या प्रश्नापुढून असा पळ काढतो?

प्रश्न शेवंतीचा होता. मॅट्रिकचा निकाल लागला, गणितात ती गावात पहिली आली. पाणी-फंडाच्या नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती तिची. शेवंती विश्रामची पुतणी, बौद्धवाडीतली. मी विचारलं, "भाई, आता काय करतलंस?" तू म्हणालास, "आक्का, माका पेज तरी खाऊक देशील?" पेज खाल्लीस, सुकटाची चटणी मागून घेतलीस, "मीठ जास्त पडला" म्हणालास आणि आडवा झालास. लोक मला विचारतात, मास्तर जाताना काय बोलले? काय सांगू त्यांना?

पाण्याचं वेड तुझं लहानपणापासूनचं. शिमगा झाला की आपल्या गावच्या खाडीकडच्या बावींचं पाणी मचूळ व्हायचं. आई आपल्या दोघांच्या हातात कळशा देऊन वरच्या वाडीत पाठवायची. वाटेतल्या प्रत्येक बावीचं पाणी तू चूळभर तोंडात घ्यायचास आणि सांगायचास, ही अजून गोड आहे, ही गेली. मी ओरडायची, थुंक आधी, पोट बिघडेल. तू आपला विचारायचास, "आक्का, समुद्र हय आत येता तरी खयसून?" मला काय ठाऊक! गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. इतरांनी तो प्रश्न कधी विचारलाही नव्हता.

पुढे माझा नवरा गेला आणि मी या घरी परत आले. आई म्हणाली, आता देवाचं नाव घेत कोपऱ्यात बस. तू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. तू म्हणालास, "कोपऱ्यात बसान ती काय करतली? तिका ट्रेनिंगला धाडूया." आईशी भांडलास, मला बोटीत बसवून रत्नागिरीला पोचवलंस. मुलींच्या शाळेत मी बाई झाले ती तुझ्यामुळे. हे विसरता आलं असतं तर तुझा राग करणं फार सोपं गेलं असतं. पण आईशी भांडता येत होतं ना तुला? एकदा आलं होतं. ते लक्षात ठेव, त्यावर मी येणारच आहे.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट. आपल्या गावच्या मुंबईकरांनी देवळावर नवा कळस चढवायचं ठरवलं. जत्रेला दशावतार सुरू व्हायच्या आधी तू मध्येच उभा राहिलास. "कळस पुढल्या वर्सा चढवया. आधी गावचा एक पोर पाण्याचा शास्त्र शिकाक धाडूया. बावी खारट कित्याक होतत ता तरी कळांदेत. दर वर्सा तुमच्या बायकांचे पाय झिजतत, ते देवाक दिसतत." लोक आधी हसले. मग एकेकाने खिशात हात घातला. पेटीवाला, पायपेटी तशीच पुढ्यात ठेवून, तुझ्याकडे बघत बसला होता. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारणीला कोपर मारून सांगितलं, माझा भाऊ तो.

नियम तूच लिहिलेस. गावातलं जे मूल मॅट्रिकला गणितात पहिलं येईल त्याला फंडाने कॉलेजात धाडायचं. राहणं, खाणावळ, पुस्तकं फंडाची. बदल्यात त्याने दर मे महिन्यात गावी येऊन उमेदवारी करायची. गावच्या बावींत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, बाटल्या भरून खारटपणा तपासायचा, आणि जे कळेल ते गावाला सांगायचं. फंडाच्या कमिटीने माना डोलावल्या. किती छान, किती सोपं.

आणि पहिलाच नंबर आला विश्रामचा.

आपल्या ओसरीवर कमिटी बसली होती. मी दाराआडून बघत होते. देवळाचे मानकरी अप्पा गावकर म्हणाले, "मास्तरानू, दुसरो कोण तरी बघा." तू चष्मा पुसत म्हणालास, "नियम गणिताचो आसा, अप्पा. वाडयेचो नाय." विश्राम मुंबईला निघाला तेव्हा मालवणच्या धक्क्यावर भर बाजाराच्या देखत त्याची ट्रंक तू स्वतः उचललीस आणि होडीत ठेवलीस. लोक बघत होते, तू बघत नव्हतास. त्या दिवशी तुझ्यावरून जीव ओवाळून टाकावा असं वाटलं रे मला.

पण परत येताना एस्टीत मी विचारलंच. "भाई, मे महिन्यात तो बावीत टेप सोडतलो कसो? तेका कठड्याक हात लावूक देतत?" तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू हे आत्ता कुठे तुझ्या ध्यानात येतंय. मग खिडकीबाहेर तोंड फिरवून म्हणालास, "तेव्हाचा तेव्हा बघूया."

काय गाव आहे आपलं! अख्ख्या गावाने डोकी लावली, वर्गणी काढली, नियम केले आणि बावी मोजण्यासाठी असा मुलगा निवडला, ज्याला गावच्या एकाही बावीजवळ उभं राहू देत नव्हते. आणि हे कमिटीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. शिवायला बसवलेल्या माणसाच्या हातात सुई द्यायची नाही, असली ही अक्कल. तुझ्याही डोक्यात आलं नाही, हे मी एक वेळ समजू शकते. पण आल्यानंतर तू काय केलंस?

मे महिन्यात विश्राम बोटीने आला. काखेत टेप, पिशवीत बाटल्या, पायात बूट. कॉलेजातल्या सरांनी काय काय शिकवलं ते तुला सांगताना त्याला श्वास पुरत नव्हता. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर कसं तरंगतं, आपण वरून उपसत गेलो की खालून खारं कसं वर येतं. लहानपणचा तुझा प्रश्न, आणि हा पोर उत्तर घेऊन आला होता. तुझे डोळे भरून आले होते, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या बावीपाशी अप्पा आणि चार माणसं आधीच उभी. तेव्हा दिल्लीत कायदा झालेला होता, भाई. शिवाशिव हा गुन्हा आहे, हे सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहून तूच शिकवत होतास. मला वाटलं आता तू तोच आवाज काढशील, जत्रेतला. तू काय काढलंस? तू तोडगा काढलास. टेप विश्रामचा, पण बावीत सोडणार शेजारचा बाळू. विश्रामने पलीकडे उंडलाच्या झाडाखाली उभं राहायचं. बाळू आकडा ओरडून सांगणार, विश्राम लिहून घेणार. अप्पाही खूश, कायदाही खूश, उमेदवारीही झाली. घरी येऊन मला म्हणालास, "बघ, कोणाचाच मन दुखावला नाय." कोणाचंच? तुझ्या मोजणीत विश्राम धरलाच नव्हतास का रे?

बाळूला टेप धरायची अक्कल नाही. त्याने एक आकडा सांगितला, परत विचारल्यावर दुसराच सांगितला. विश्रामने वही मिटली आणि आपल्या घरापुढच्या खळ्यात आला. खळ्यातच उभा राहिला, पायरीवर नाही. म्हणाला, "मास्तरानू, टेप तो सोडता, बाटली तो भरता. मगे शिकाक बाळूकच धाडूचो होतो." तू हसायचा प्रयत्न केलास. तो हसला नाही. म्हणाला, "गावची बाव ऱ्हवांदे. ती गावची. तुमच्या परड्यातली बाव तरी मोजूक दिया."

भाई, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मागे आपली बाव. आपल्या आजोबांनी खणलेली, आपल्या माडांच्या मध्ये, आपल्या कुंपणाच्या आत. तिथे अप्पा गावकर नव्हते, कमिटी नव्हती, कोणी नव्हतं. तू फक्त "ये" म्हणायचं होतंस.

तू म्हणालास, "आवस आसा घरात. तिका सोसूचा नाय."

आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला परड्यातलं काही दिसत नव्हतं. तिला ऐकूसुद्धा धड येत नव्हतं. आणि माझ्या ट्रेनिंगसाठी याच आईशी तू कडाकडा भांडला होतास! मी मागून ओरडले, "आवशीचा नाव सांगू नको, भीती तुका वाटता." तू मला म्हणालास, "आक्का, तू आत जा." आयुष्यात मला आत जा म्हणालास तो हा एकच दिवस. आणि मी आत गेले नाही. विश्राम गेला.

तो महिनाभर त्याने स्वतःच्या वाडीतली एकच बाव मोजली. भरतीला, ओहोटीला, सकाळ-संध्याकाळ. त्याच्या सरांना ते काम इतकं आवडलं की त्यांनी त्याला पुढे आपल्या हाताखाली घेतलं. आणि आपल्या कमिटीने काय केलं? गावच्या बावी मोजल्या नाहीत, अट मोडली, म्हणून शिष्यवृत्ती बंद. ठराव मांडला अप्पांनी. अध्यक्ष तू. तू विरोध केला नाहीस. "बहुमत आसा, मी काय करू?" सरकारी फी माफी होती आणि मुंबईत त्याचा मामा गोदीत होता, म्हणून तो पोर तरला. तुझ्या फंडामुळे नाही.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे ते आपटून वाढायचे. तू निमूट जेवायचास. कधीतरी म्हणायचास, "आवस गेली काय मगे बघूया." पाऊस संपता संपता आई गेली. मग? मग काय बघितलंस? बाव तिथेच, तू इथेच. विश्रामला एक निरोप धाडायला काय होत होतं? मी म्हटलं की तू म्हणायचास, "आता तो मोठो सायब झालो, तेका आपल्या बावयेचा काय?" दरवर्षी नवीन कारण. वर्षांमागून वर्षं आपण त्याच भांडणाला शिळ्या भातासारखी फोडणी देत राहिलो. नंतर फंडाने दोन मुलगे धाडले, चांगल्या घरचे. एक मुंबईला कापडाच्या दुकानात चिकटला. दुसरा मे महिन्यात यायचा आणि बावीत पोहायचा. त्याला कोणी उंडलाखाली उभं केलं नाही.

आणि तरीही, मेल्या, तुला चांगला माणूस म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. रात्रीबेरात्री कोणाच्याही दारी धावायचास. शेवंतीला गणित शिकवलंस तेही तूच. पण कुठे? शाळेच्या व्हरांड्यात. घरी नाही. चांगला होतास, पण दारापर्यंत.

विश्राम परवा आला. आता नागपूरकडे सरकारी खात्यात आहे, गावोगाव विहिरी तपासत फिरतो. तार मिळाल्याबरोबर निघाला म्हणाला. केस पांढरे होऊ लागलेत त्याचे. मी म्हटलं, पायरीवर बस. तो बसला. मी विचारलं, अजून राग आहे? त्याने पिशवीतला टेप काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आक्कानू, मास्तरांनी ट्रंक उचललेली, ती मी विसराक नाय. म्हणानच दुसरा पण विसराक होवक नाय. मास्तर वायट माणूस आसते तर तेंचो इचार कधीच सोडून दिलो आसतो." मला तेव्हा रडू आलं. पहिल्यांदाच. त्याने त्याचा जुना टेप शेवंतीला दिला आणि संध्याकाळच्या एस्टीने गेला.

दुसऱ्या दिवशी कमिटी समाचाराला म्हणून आली आणि आपल्या ओसरीवरच शेवंतीचा विषय निघाला. कॉलेजचा अर्ज लगेच जायला हवा होता. मी या वेळी दाराआड उभी राहिले नाही, तुझ्या खुर्चीवर जाऊन बसले. अप्पा आता म्हातारे झालेत, आवाज मऊ झालाय. म्हणाले, "आक्का, चेडू हुशार आसा. शिष्यवृत्ती तिका देवया. फक्त उमेदवारीची अट काढून टाकूया. तिना भायर शिकान भायरच नोकरी करूची. गावात तमाशो नको. आणि फंडाक भाईमास्तरांचा नाव लावया." सगळ्यांनी माना हलवल्या. मग अप्पा अगदी प्रेमाने म्हणाले, "भाई आसते तर तेंनी असोच मधलो रस्तो काढलो आसतो."

भाई, ते खरं होतं. असाच काढला असतास. पैसे घे आणि येऊ नकोस, कोणाचंच मन दुखावलं नाही. की त्या संध्याकाळी पेज खाताना तू वेगळं काही ठरवत होतास? सकाळी उठून मला सांगणार होतास? मला कधीच कळणार नाही. तू गप्प गेलास, आणि आता तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ अप्पा गावकर लावणार. याचा राग मी कोणावर काढू?

मी एवढंच म्हटलं, "शिष्यवृत्ती दिया. भाईचा नाव लावूचा नाय." ते चमकले. लावू दिलं नाही मी तुझं नाव. रागाव हवं तर.

शेवंतीला बोलावून सांगितलं, असे पैसे घेऊ नकोस. मला वाटलं पोरीला माझं पटेल. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आक्कानू, तुमका नको म्हणूक काय जाता? तुमी शिकलात. पयली मी इलंय, पैशे माझे. मी घेतलंय. आणि अट आसो नायतर नसो, मे महिन्यात मी येतलंय. गाव माझो पण आसा." मग हातातला टेप घोळवत, "तुमची बाव मोजूक देतात काय? मे कशाक व्हयो, पाणी आताच सगळ्यात खाली गेलाहा."

मी म्हटलं, ये. बाराव्याच्या सकाळीच ये.

पाहुण्यांनी भरलेल्या घरात नको तेवढी कुजबुज झाली. चुलतवहिनी मला म्हणाली, आजच्या दिवशी तरी नको, सगळा स्वयंपाक याच पाण्यावर व्हायचाय. मी म्हटलं, म्हणूनच आज. भटजींनी नंतर शेजारच्या बावीचं पाणी मागितलं. मी म्हटलं, आहे ते हे आहे. ते थोडा वेळ बसल्या जागी चुळबुळले, मग सोवळं सावरून मंत्र म्हणू लागले. अप्पांच्या घरून कोणी जेवायला आलं नाही. आणखीही काही पानं वाढल्यावाचून राहिली. तुझ्या बाराव्याला पानं राहिली, याचं मला वाईट वाटलं. वाटायचं ते वाटणारच, तू माझा भाऊ होतास.

पण मला तुला सांगायचंय ते हे नाही. मी चुलीवर भाताचं आधण ठेवून बाहेर आले. शेवंती कठड्यावर चढली, वाकली, टेपाचं वजन खाली सोडलं. डुबुक असा आवाज आला. तिने आकडा वाचला, बाटली भरून घेतली, टेप परकराला पुसत गुंडाळला आणि म्हणाली, "झाला, आक्कानू." मी म्हटलं, "झाला?" ती म्हणाली, "झाला." मी आत आले तर आधणाला अजून कढही आला नव्हता.

एवढंच काम होतं रे, भाई.